कॅलेंडरावरचा शुक्र

४ नोव्हेंबर

आज जेवताना मामंजींनी बाँबच टाकला. "यंदाचं कॅलेंडर निघालं की मी कॅमेऱ्याची खोली सोडली. हात थरथरतात. समोरचा माणूस हलला नाही तरी फोटो हलतो."

कॅलेंडर म्हणजे आमच्या स्टुडिओचं. वर एक मोठा काळापांढरा फोटो, खाली बारा महिने, कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं नाव. दर वर्षी पाचशे छापतो आणि गिऱ्हाइकांना वाटतो. नाव आजवर मामंजींचंच. यंदा त्यांना संध्याकाळचं आकाश हवंय आणि त्यात शुक्र. सध्या तो दिवेलागणीला पश्चिमेला असा काही चमकतो की लोक विमान समजून वाट बघत राहतात. मामंजी म्हणाले, "घरातलं कुणीही काढा. ज्याचा फोटो लागेल त्याच्याकडे खोलीची किल्ली."

हे म्हणाले, "मीठ सरकव जरा." यांचा आणि फोटोंचा संबंध वीज ऑफिसच्या ओळखपत्रापुरता. भावजी लांबच्या गाड्या चालवतात, महिन्यातले चार दिवस घरी असले तर नशीब. राहिलो कोण, तर दोघी जावा. मी आणि धाकटी.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी सफाईच्या टेबलाशी बसते. लोकांचे मुरुम, चट्टे, निगेटिव्हवरची धूळ, सगळं मी पुसते. आधी ब्रशनं पुसायचे, आता कॉम्प्युटरवर. अर्ध्या गावाचे मुरुम मी घालवलेत, डॉक्टरनं नव्हे. कॅमेऱ्याला मात्र मामंजींनी कधी हात लावू दिला नाही. म्हणजे 'लावू नकोस' असं म्हणाले नाहीत, पण 'लाव' असंही कधी म्हणाले नाहीत. आणि ही धाकटी, गेल्या वर्षी घरात आली, बघता बघता कॅमेऱ्याची पिशवी तिच्या खांद्यावर.

'कुणीही' म्हणताना मामंजींनी कुणाकडे पाहिलं ते मला दिसलं नाही, मी ताटात बघत होते. पण न बघताही कळतं माणसाला.

७ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी दोघं गच्चीवर. सासरा आणि सून, जशी काही बाप-लेकच. स्टँडचा खडखडाट थेट माझ्या डोक्यावर होतो. मामंजींचं शिकवणं जिन्यातून खाली ऐकू येतं. "लवकर काढलास तर शुक्र दिसत नाही. उशिरा काढलास तर घरं काळी होतात. आकाश अजून जागं आहे आणि खालचे दिवे लागलेत, तेवढीच वेळ आपली." मला कधी इतकं गोड बोलून काही शिकवलं नाही. मला फक्त "छान" म्हणायचे. छान म्हणजे काय, आमटी आहे का?

खाली येताना टेबलापाशी थांबून म्हणाले, "तूही येत जा वर."

मी म्हटलं, "मला कामं असतात."

असतातच. लग्नाच्या अल्बमातली एक अख्खी वरात अजून पुसायची आहे.

९ नोव्हेंबर

धाकटीला एक वाईट खोड आहे. माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहते. बोलत नाही, चालत नाही, नुसती माझ्या हाताकडे बघते. कप ठेवायचं निमित्त करते आणि चहा निवेपर्यंत हलत नाही. माझ्या चुका मोजते, दुसरं काय!

आज जुन्या प्रिंटवर ब्रशनं काम करत होते. सर्वांत बारीक ब्रश, चार केसांचा. तर मागून आवाज आला, "ताई, मला एकदा चालवून बघू द्याल का हा ब्रश?"

तिसऱ्यांदा विचारलं हिनं. मी म्हटलं, "बाजारात मिळतो."

गेली. चेहरा एवढासा झाला होता. होऊ दे. कॅमेरा घेतला, मामंजी घेतले, आता ब्रशावर डोळा. बोट दिलं की हात धरायचा, तो हात धरला की खांदा. मी बोटच देत नाही.

१३ नोव्हेंबर

लिहू की नको असं झालंय. लिहितेच, इथं कोण वाचतंय!

मामंजी आणि धाकटी छापखान्यात कागद बघायला गेले होते. मी कॅमेरा आणि स्टँड घेतला आणि गच्चीवर गेले. जिना चढताना मागे वळून बघत होते, चोरी करायला निघाल्यासारखी. घर माझं, सासरा माझा, आणि मी चोर!

शुक्र नीट पाहिला. खोटं कशाला बोलू, थांबलेच क्षणभर. समोरच्या पाण्याच्या टाक्या, तारा, टॉवेल वाळत घातलेले, आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर तो एकटा, पांढराशुभ्र. इतका ठळक की बोटानं उचलून घ्यावासा वाटला. श्वास धरून बटण दाबलं. चारदा.

मग मोरीत अंधार करून फिल्म धुतली. धुणं मला येतं. शुक्र कसला, गांडूळ आलं होतं! चारही निगेटिव्हांत काळं, म्हणजे फोटोत पांढरं, वळवळणारं गांडूळ. कॅमेऱ्यानं मान टाकली होती आणि मला पत्ताच नाही. फिल्म कापून केराच्या डब्यात टाकली, वर बटाट्याची सालं घातली.

मला येत नाही म्हणून वाईट वाटलं नाही. तिला येतं, याचं वाटलं.

१४ नोव्हेंबर

सकाळी चहा पिताना मामंजी म्हणाले, "स्टँडचा मधला स्क्रू घट्ट पिळावा लागतो. सैल राहिला तर कॅमेरा हळूहळू वाकतो. पहिल्यांदा सगळ्यांचं तसंच होतं."

हे धाकटीला सांगत असणार. धाकटी तेव्हा न्हाणीघरात होती, पण म्हाताऱ्या माणसांना कुठं भान असतं!

२१ नोव्हेंबर

निघाला. कॅलेंडरचा फोटो निघाला, आणि तिचा.

मामंजींनी भिंग लावून बघितला, मग भिंग काढून बघितला, मग मला हाक मारली. "बघ." मी काय बघायचं? पण बघितलं. खाली घरांच्या गच्च्या काळपट, मधे एक-दोन खिडक्यांत दिवा, वर राखाडी आकाश मोठ्ठं, जवळपास रिकामं. आणि उजवीकडे, जिथं असेल असं वाटणार नाही अशा ठिकाणी, शुक्र. मी काढला असता तर मधोमध ठेवला असता. तिनं कडेला ठेवलाय, आणि त्यामुळे सगळं आकाश त्याच्याकडे कललंय.

फोटो चांगला आहे. हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर मी तोंड भरून कौतुक केलं असतं.

धाकटी म्हणाली, "ताई, धूळ फार बसलीय निगेटिव्हवर. तुमच्या हातून साफ झाला तरच छापायचा, नाहीतर नको."

लाडीगोडी बघा. जखम करायची आणि वर हळद मागायची तीही आमच्याकडेच.

रात्रीच्या जेवणाला मामंजींनी भावजींना फोन लावून सांगितलं, "तुझ्या बायकोचा फोटो लागणार हं!" मी वाढत होते. यांनी विचारलं, "तुला बरं नाही का? चेहरा उतरलाय." म्हटलं, पित्त झालंय. पित्तच म्हणायचं याला.

२३ नोव्हेंबर

आज निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घेऊन सफाई केली.

निगेटिव्हवरची धूळ फोटोत पांढरी उमटते. आकाशभर पांढरे ठिपके, शेकड्यांनी. एकेक टिपायचा, पुसायचा, पुढचा टिपायचा. डोकं दुसरीकडे असलं तरी हात चालतो. डोकं कुठं होतं ते सांगायला नको. ती खोली, तिथलं ते उंच स्टूल, गिऱ्हाईक आत येऊन "सूनबाई, हसू की नको?" असं विचारतंय, आणि ती सूनबाई मी नाही.

संपल्यावर मागे रेलून पाहिलं. आकाश आरशासारखं स्वच्छ. एकही ठिपका नाही.

एकही नाही.

मी शुक्रही पुसला होता.

हात चुकला, हे खरं. शपथेवर सांगते, मुद्दाम नाही पुसला. एक ठिपका तो, शेकडो ठिपक्यांत. पण त्यानंतर मी पाहिलं, हेही खरं. उलट फिरवायला एक बटण पुरलं असतं. बोट त्या बटणावर होतं. शेजारच्या खोलीत धाकटी मामंजींना विचारत होती, "माझं नाव किती मोठं लिहायचं?" आणि मामंजी हसून म्हणाले, "तुला हवं तेवढं."

मी बोट उचललं. फाइल पेनड्राइव्हवर घातली आणि तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "झाली? बघू का?" मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? छापखाना बंद होईल, पळ." पळाली.

८ डिसेंबर

झोप नाही, अन्न गोड लागत नाही. छापखान्यात कुणाच्या लक्षात येईल, येईलच, मग मी म्हणेन अगंबाई, चुकून झालं. मनात सगळं पाठ करून ठेवलंय. कुणाच्याच लक्षात येत नाही. माणसं डोळे उघडे ठेवून काम का करत नाहीत!

१० डिसेंबर

कॅलेंडरं आली.

पहिलं शेजारच्या औषधवाल्याला द्यायचं, अशी आमची पद्धत. त्यानं उलगडलं, चष्मा वर केला, खाली केला. फोटोखाली ठळक अक्षरांत छापलंय, 'संध्याकाळचा शुक्र'. तो म्हणाला, "वा! वा! ... पण शुक्र कुठाय?"

मामंजी हसले, "अहो, उजवीकडे बघा."

"उजवीकडेच बघतोय."

मग हे आले. यांनी नाक कागदाला लावलं. औषधवाल्यानं कॅलेंडर उलटं करूनसुद्धा पाहिलं. मग दुसरं कॅलेंडर उघडलं, तिसरं, दहावं. सगळ्यांवर नाव शुक्राचं आणि आकाश कोरडं. औषधवाला म्हणाला, "ढगात गेला असेल," आणि यांना हसू आवरेना.

धाकटी हसली नाही. पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "चूक माझीच. त्या दिवशी पहिला फोटो मी शुक्र दिसायच्या आधीच काढला होता. ताईंना निगेटिव्ह देताना तोच दिला असणार मी." आणि रडायलाच लागली. "मामंजी, नाव घालवलं तुमचं."

बोल बाई, बोल, असं मी स्वतःला म्हटलं. आणि उघडलेली कॅलेंडरं गुंडाळायला लागले.

मामंजींनी भिंग घेतलं. उजवीकडच्या आकाशावर ठेवलं. बराच वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, "सफाई तूच केलीस ना?"

"हो."

"सुरेख केलीस. कुठं जोड दिसत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा 'छान'च्या पलीकडे गेले, आणि तेही आज!

खरं सांगायचं तर मला तिचा आणखी राग आला. चूक माझी, आणि अंगावर घेतली हिनं, तीही चटकन, न विचारता. चांगुलपणातसुद्धा हीच पुढे!

१२ डिसेंबर

मामंजींनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "घे. तुला हवी होती."

एवढंच. ना अभिनंदन, ना आशीर्वाद. मी पदर खोचून तीनदा त्या खोलीत जाऊन आले. दिवे लावले, बंद केले. उंच स्टुलावर बसले. सगळं होतं तसंच आहे, तरी मला तिथं परक्याच्या घरी आल्यासारखं वाटत होतं. सवय व्हायला वेळ लागत असेल.

नवीन कॅलेंडरं छापायला छापखान्याकडे वेळ नाही. वर्ष उजाडेल. मामंजी म्हणाले, "कागद खरबरीत आहे, रंग धरेल. पुसता येतं त्याला लावताही येतं. बस ब्रश घेऊन."

"पाचशे?"

"मग काय तर! शुक्र काही आपण होऊन येणार नाही."

धाकटी म्हणाली, "ताई एकट्या कशाला? चूक माझी आहे. मी बसते शेजारी." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ब्रश मी बाजारातून आणते."

१५ डिसेंबर

दोन दिवस आम्ही समोरासमोर बसतोय. पांढऱ्या रंगाची वाटी मधे.

एक ठिपका म्हणजे काय मोठं, असं वाटतं. लावून बघा! रंग जास्त झाला की शुक्राचा चंद्र होतो. कमी झाला की धूळ दिसते. हात अडखळला की ओघळ. धाकटीचे पहिले वीस तर नुसती खडीसाखर. मी मुकाट्यानं ओल्या कापसानं पुसून दिले. मग राहवेना, म्हटलं, "टेकव आणि लगेच उचल. रंगवू नकोस. मुंगीला हात लावतेस असं समज."

"असं?"

"मनगट टेबलाला टेकव. हं. आता बोटं सैल."

एकविसावा जमला. तिचं तोंड असं उजळलं जसं काही खराच शुक्र उगवला! दुपारपर्यंत माझ्या बरोबरीनं लावायला लागली. माझ्या हाताला हे यायला केवढी वर्षं गेली, आणि ही मेली अर्ध्या दिवसात! पण गंमत म्हणजे तिनं "ताई, हा बघा" म्हटलं की मी बघत होते, आणि चुकलेला दिसला की मला बरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "मी आल्या दिवसापासून मला हेच शिकायचं होतं. तुम्हाला वेळ नसायचा. घरात रिकामी बसणार किती, म्हणून मग मामंजींच्या मागे लागले, निदान कॅमेरा तरी दाखवा. तुमच्याइतकं शांत कुणाला काम करताना मी पाहिलं नाही, ताई."

मी पाण्याच्या वाटीत ब्रश धूत बसले. पाणी केव्हाच पांढरं झालं होतं.

१६ डिसेंबर

सांगितलं.

दुपारची वेळ. साधारण निम्मी कॅलेंडरं झाली होती. ती गुणगुणत होती. मध्येच म्हणाली, "मला अजून कळत नाही ताई, दोन निगेटिव्ह शेजारीशेजारी होते, आणि माझ्याकडून असं व्हावं!" आणि कपाळावर हात मारून घेतला, खरोखरचा, आवाज येईल असा.

तो आवाज मला सोसला नाही. म्हटलं, "निगेटिव्ह बरोबर दिला होतास. शुक्र मी पुसला."

ती हसली. "चेष्टा नका करू."

"आधी चुकून पुसला. मग दिसलं. मग तसाच पाठवला."

"का?"

"तुझं नाव लागणार होतं म्हणून."

तिच्या ब्रशावर रंग होता. तिनं हातातल्या कॅलेंडरवर ठिपका लावला, नेमका, न थरथरता. कॅलेंडर वाळत ठेवलं. मग म्हणाली, "सहा दिवस झाले. मला रडताना बघत होता तुम्ही, सहा दिवस."

मला वाटलं होतं ती रडेल, गळ्यात पडेल, असंच काहीतरी. तसली नाही ती. उठली, तिचा नवा ब्रश धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. "उरलेले तुमचे तुम्ही लावा," म्हणाली आणि वर निघून गेली.

मी किल्ली मामंजींपुढे नेऊन ठेवली. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मी मागितली का परत?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझा हात मला ओळखता येऊ नये? तुझ्याच तोंडून यायला हवं होतं ते." मग पेपर खाली केला. "आधी ठिपके संपव. किल्लीचं तुम्ही दोघी बघा. मी त्या खोलीतून सुटलो."

२० डिसेंबर

ती बोलत नाही. पाणी हवं का, हो. दार लावू का, हो. वाढू का, नको. यांनी विचारलं, "तुमचं काय बिनसलंय?" दोघी एकदम म्हणालो, "काही नाही." तेवढंच काय ते एकत्र.

मान आखडलीय. डोळे मिटले तरी पांढरे ठिपके दिसतात. उरलेले सगळे एकटीनं लावले, आज संपले. शेवटच्यांपैकी कुठल्याही ठिपक्याकडे बघा, मी लावलाय असं वाटणार नाही, आकाशातच होता असं वाटेल. आणि कोपऱ्यात नाव तिचं. शेकडो वेळा तिचं नाव वाचलं मी. आता मला ते माझ्या नावापेक्षा जास्त पाठ झालंय.

२३ डिसेंबर

औषधवाला नवं कॅलेंडर न्यायला आला. धाकटी आत पाकिटं करत होती. त्यानं हात लांब करून बघितलं. "आला की हो शुक्र! काय टिपलाय! धाकट्या सूनबाईंनी कमाल केली."

माझ्या पाठीत कळ, मानेत कळ, बोटांना पांढरा रंग. तरी म्हटलं, "हो. तिचाच फोटो आहे. नजर आहे तिच्याकडे." तोंडातून बाहेर पडलं आणि मला काही झालं नाही.

आतून आवाज आला, "टिपला मी. लावलाय ताईंनी."

"लावला म्हणजे?" औषधवाला म्हणाला. "शुक्र लावतात?"

तो कॅलेंडर घेऊन डोकं खाजवत गेला.

सात दिवसांनी 'ताई' म्हणाली. हा टोमणा होता की कौतुक, हे मी मघापासून ठरवतेय. दोन्हीही असेल. माझ्या वाट्याला आलं ते घेतलं.

२७ डिसेंबर

किल्ली त्या दिवसापासून फळीवर पडून होती. आज एक शाळेची बाई पासपोर्टच्या फोटोसाठी आली. मामंजी हूं की चूं करेनात. धाकटीनं फळीवरून किल्ली काढली, खोली उघडली, किल्ली माझ्या हातात दिली, दिवे लावले आणि मला म्हणाली, "या. मी दिवा धरते, तुम्ही काढा. आधी मधला स्क्रू पिळा."

पिळला. बाईंना म्हटलं, "हनुवटी जरा खाली." माझाच आवाज मला निराळा वाटला. बाईंनी विचारलं, "हसू का?" मी म्हटलं, "पासपोर्टला हसू देत नाहीत. मनातल्या मनात हसा." काढला. दोन काढले. मामंजींनी भिंगातून बघितले आणि म्हणाले, "बरे आहेत."

'छान'सुद्धा नाही! पण हललेले नव्हते.

गिऱ्हाईक गेलं. मी स्टूल सरकवत होते. सहज दारातून बाहेर पाहिलं, तर धाकटी सफाईच्या टेबलाशी. माझ्या खुर्चीत, माझ्या उशीवर! मनगट टेबलाला टेकलेलं, बोटं सैल, मान अशी वाकवलेली, कुणाच्या तरी आजोबांच्या जुन्या फोटोवरची धूळ टिपत होती. खिडकीतला उजेड बरोब्बर हातावर पडत होता. त्या खुर्चीत काम करणारं माणूस असं दिसतं, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी कायम त्या खुर्चीत होते ना.

आणि असा जळफळाट झाला म्हणून सांगू! ती खुर्ची माझी आहे. तो उजेड माझा आहे. हवी होती त्या खोलीत मी उभी, किल्ली माझ्या कनवटीला, आणि जीव अडकलाय त्या खुर्चीत.

तिनं वर पाहिलं. "काय झालं ताई?"

म्हटलं, "ती उशी माझी आहे."

तिनं उशी काढून दिली. आता ती तिथं कडक लाकडावर बसलीय आणि मी इथं उशी घेऊन उभी आहे. उद्या परत देऊन टाकीन. तिची पाठ धरेल नाहीतर.